उलट फिरणारे इंजिन आणि दोरीवरचे विमान

लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढे इंजिन. सिलिंडरचे आकारमान ०.०४९ घनइंच, म्हणजे सुमारे ०.८ घनसेंटिमीटर. मागे इंधनाची चिमुकली टाकी, पुढे वीतभर लांबीचा प्लास्टिकचा प्रॉपेलर. डोक्यावरच्या ग्लो प्लगला बॅटरीची क्लिप लावायची, बोटाने प्रॉपेलरला फटका द्यायचा, आणि इंजिन किंचाळत सुरू होते. नवशिक्याचा आनंद मात्र पुष्कळदा क्षणभरच टिकतो. आवाज खणखणीत असतो, प्रॉपेलरची पाती दिसेनाशी झालेली असतात, पण वारा विमानाच्या शेपटीकडे जाण्याऐवजी समोर बसलेल्या त्या नवशिक्याच्याच तोंडावर येत असतो. इंजिन उलटे सुरू झालेले असते आणि विमान पुढे ओढण्याऐवजी मागे रेटत असते.

असे होणे हा या छोट्या इंजिनांचा जुना खोडकरपणा आहे. परंतु काही मंडळी हाच अपघात जाणूनबुजून घडवून आणतात. ती इंजिन मुद्दाम उलट फिरवतात, त्यासाठी वेगळा प्रॉपेलर लावतात, प्रसंगी इंजिनाचा क्रँकशाफ्ट नव्याने घडवून घेतात. पुढेच जायचे असेल तर इंजिन सुलटे फिरले काय आणि उलटे फिरले काय, फरक कोणता? मोकळ्या आकाशात उडणाऱ्या विमानाच्या बाबतीत हा प्रश्न फारसा बोचत नाही. विमान दोरीला बांधलेले असले की मात्र बोचू लागतो. कारण दोरी आली की त्या विमानाला ‘आत’ आणि ‘बाहेर’ अशा दोन बाजू मिळतात.

गोफण आणि लगाम

ज्या विमानांविषयी आपण बोलतो आहोत त्यांना ‘कंट्रोल लाइन’ विमाने म्हणतात. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात, त्यात ही विमानेही असतात. काही वाचकांनी ती तिथे पाहिली असतील. उडवणारा मैदानाच्या मध्यभागी उभा राहतो. त्याच्या हातातल्या मुठीपासून दोन बारीक तारा किंवा दोरे विमानापर्यंत गेलेले असतात आणि विमान त्याच्याभोवती वर्तुळात फिरत राहते. शेतातली पाखरे हाकलणारी गोफण ज्यांनी फिरवली आहे त्यांना यातले अर्धे शास्त्र हातानेच कळलेले असते.

उरलेले अर्धे शास्त्र दुसऱ्या दोरीत आहे. दोन्ही तारा विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकातून आत शिरतात आणि बेलक्रँक नावाच्या एका तिकोनी तुकड्याला जोडलेल्या असतात. मूठ वर कलवली की एक तार ओढली जाते, बेलक्रँक फिरतो, त्याला जोडलेली काडी शेपटीवरची आडवी झडप उचलते आणि विमान वर चढते. मूठ खाली कलवली की विमान खाली येते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहराच्या जिम वॉकर यांनी १९४०च्या सुमारास ही पद्धत ‘यू-कंट्रोल’ या नावाने बाजारात आणली व तिचे पेटंटही घेतले. पुढे छोट्या इंजिनांचे प्रसिद्ध उत्पादक लेरॉय कॉक्स यांच्याशी त्यांचा कोर्टात सामना झाला. ओबा सेंट क्लेअर यांनी अशीच रचना आधीच केली होती हे तिथे पुढे आले आणि पेटंट टिकले नाही. पद्धत मात्र जगभर टिकली.

या पद्धतीचा सगळा जीव दोऱ्यांच्या ताणात आहे. तारा ताठ आहेत तोवर विमान हातात आहे. त्या सैल पडल्या की मूठ कितीही हलवा, बेलक्रँकपर्यंत काहीही पोहोचत नाही. घोड्याचा लगाम तुटला तर घोडा निदान स्वतःच्या बुद्धीने थांबतो. इथे ती सोय नाही.

हा ताण किती असतो ते पाहू. समजा विमानाचे वजन १५० ग्रॅम, दोऱ्यांची लांबी ३५ फूट, म्हणजे सुमारे १०.७ मीटर, आणि वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर आहे. एक फेरी साडेतीन सेकंदांच्या आत पुरी होते आणि हाताला सुमारे ५७० ग्रॅमची ओढ जाणवते. विमानाच्या वजनाच्या जवळजवळ चौपट. परंतु हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग सेकंदाला १२ मीटरवर आला की ओढ २०० ग्रॅमच्या आसपास उरते. त्याच वेगात विमान डोक्यावर आले तर त्याचे स्वतःचे वजनही ताणातून वजा होते आणि शिल्लक राहतात जेमतेम ५५ ग्रॅम. जमीन सोडण्याच्या क्षणी वेग सेकंदाला ८ मीटर असेल, तर ओढ ९० ग्रॅमच भरते. मोठी विमाने जड असतात, त्यांच्या ताणात थोडी घट झाली तर चालून जाते. लहान विमानाच्या जमाखर्चात पंचवीस ग्रॅमलाही किंमत असते.

इंजिनाची प्रतिक्रिया

आता इंजिनाकडे येऊ. यापुढे उजवे-डावे म्हणताना आपण विमानात बसून समोर पाहतो आहोत असे समजू. नेहमीचे इंजिन या आसनावरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसते. न्यूटनचा तिसरा नियम इथेही सुटत नाही: इंजिन प्रॉपेलरला एका बाजूला पिळते, तेव्हा प्रॉपेलर इंजिनाला आणि त्यासोबत सगळ्या विमानाला दुसऱ्या बाजूला पिळतो. म्हणून नेहमीच्या इंजिनाचे विमान डावीकडे कलू पाहते, त्याचा डावा पंख खाली दबतो.

देवळात प्रदक्षिणा घालताना आपली उजवी बाजू देवाकडे असते. दोरीवरच्या विमानाची रूढ फेरी याच्या बरोबर उलट आहे. वरून पाहिले तर ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरते आणि त्याचा डावा पंख मध्यावरच्या माणसाकडे असतो. म्हणजे इंजिनाची प्रतिक्रिया जो पंख खाली दाबते तो नेमका आतला पंख असतो. आतला पंख दबला की पंखांची उचल सरळ वर न राहता थोडी आत झुकते. ती विमानाला उडवणाऱ्याकडे ढकलते आणि तितका ताण कमी करते. विमान दहा अंश आत कलले, तर १५० ग्रॅमच्या उचलीतले सुमारे २६ ग्रॅम आतल्या दिशेने लागतात. वर म्हटलेल्या ९० ग्रॅममधून हे २६ वजा करून पाहावेत.

प्रतिक्रियेचा जोरही मोजता येतो. समजा इंजिन मिनिटाला १५,००० फेऱ्यांना ४० वॅट शक्ती देते. तिचा पीळ भरतो सुमारे ०.०२५ न्यूटन-मीटर. पंखाचे टोक मध्यापासून २५ सेंटिमीटर दूर असेल, तर हा पीळ म्हणजे आतल्या टोकावर १० ग्रॅमचे वजन ठेवल्यासारखे झाले. जुने जाड पाच रुपयांचे नाणे चिकटवून उडवल्यासारखे. रूढ उपाय ठरलेले आहेत. बाहेरच्या पंखाच्या टोकात थोडे वजन भरायचे, इंजिनाचे तोंड जरासे बाहेर वळवायचे, शेपटीची उभी पट्टीही बाहेर वळवायची, आतला पंख किंचित लांब ठेवायचा. हे उपाय लागू पडतात, पण प्रत्येकाची किंमत असते. वजन वाढते, विमान तिरके उडून वेग गमावते. शिवाय पंखातले वजन कायमचे असते. इंधन संपून इंजिन बंद पडले, पीळ नाहीसा झाला, तरी ते तिथेच राहते.

इंजिन उलट फिरवले तर तेच नाणे आतल्या टोकावरून उचलून बाहेरच्या टोकावर ठेवल्यासारखे होते. वजन एक ग्रॅमनेही न वाढता दोन्ही स्थितींमधला फरक २० ग्रॅमचा. प्रॉपेलरमागून निघणारा हवेचा झोत सरळ जात नाही, मळसूत्रासारखा फिरत जातो आणि शेपटीच्या उभ्या पट्टीवर एका बाजूने आदळतो. नेहमीच्या इंजिनात तो विमानाचे नाक आत वळवतो, उलट इंजिनात बाहेर. उड्डाणाच्या वेळी, वेग कमी आणि इंजिनाचा जोर पूर्ण असताना, या दोन्ही गोष्टी उडवणाऱ्याच्या बाजूने उभ्या राहतात.

इंजिनाला दिशा कोण शिकवते?

पण कोणतेही इंजिन उलट फिरवता येते का? या प्रश्नाचे उत्तर इंजिन श्वास कसा घेते यावर आहे.

ही इंजिने दोन-स्ट्रोक जातीची. जळलेला वायू बाहेर सोडणारे आणि ताजे मिश्रण सिलिंडरात घेणारे मार्ग पिस्टनच उघडतो आणि पिस्टनच झाकतो. पिस्टन खाली जाताना एखादा मार्ग ज्या जागी उघडतो त्याच जागी तो वर येताना बंद होतो. त्यामुळे उघडण्याची आणि मिटण्याची वेळ खालच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना सारखीच पडते. चित्रपट पुढून चालवा की मागून, दृश्य तेच. प्रज्वलनाचेही तसेच. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या सान्निध्यात आपोआप तापलेली राहते, तिला घड्याळ लावावे लागत नाही. दाबानेच पेट घेणाऱ्या छोट्या डिझेल इंजिनांनाही ते लागत नाही. जुन्या ठिणगीच्या इंजिनांत मात्र ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट असत, आणि दिशा बदलली की तेही नव्याने जुळवावे लागत.

उरतो प्रश्न खालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, ताजे मिश्रण येण्याचा. सर्वांत जुन्या रचनेत हा मार्गही पिस्टनची खालची कडच उघडते. ते इंजिन दोन्ही दिशांना सारखेच फिरते. कॉक्स यांच्या १९५६ सालच्या ‘बेब बी’ या इंजिनात मागच्या बाजूला धातूची एक पातळ पाकळी आहे. आत पोकळी निर्माण झाली की ती उघडते, दाब वाढला की मिटते. शाफ्ट कोणत्या दिशेने फिरतो आहे याचा तिला पत्ताच नसतो. म्हणून तर ही इंजिने नवशिक्याच्या तोंडावर वारा मारतात! पुढे अशा इंजिनांना लहान स्प्रिंग बसवली गेली, ती मागे पिळून सोडली की पहिला झटका योग्य दिशेलाच मिळतो.

अधिक शक्तीच्या इंजिनांत चित्र बदलते. कॉक्स यांच्याच ‘टी डी’ मालिकेत क्रँकशाफ्ट पोकळ असतो आणि त्याच्या अंगाला एक खिडकी कापलेली असते. शाफ्ट फिरता फिरता ही खिडकी वरच्या छिद्रासमोर येते, तेवढा वेळ मिश्रण आत शिरते. समजा खिडकी पिस्टनच्या खालच्या टोकानंतर ४५ अंशांनी उघडते आणि वरच्या टोकानंतर ४५ अंशांनी मिटते. पिस्टन वर चढत असतानाच्या ओढीचा पुरेपूर उपयोग होतो. आता हेच इंजिन उलट फिरवा. खिडकी वरच्या टोकाच्या ४५ अंश आधी उघडेल आणि पिस्टन खाली येत असतानाही बराच वेळ उघडी राहील. आत घेतलेला श्वास त्याच नाकाने बाहेर टाकला जाईल. इंजिन चालले तरी रडतखडत. त्याला खरोखर उलट फिरवायचे तर खिडकी आरशातल्या प्रतिमेसारखी दुसऱ्या बाजूला कापलेला शाफ्ट हवा, आणि ते काम उत्तम लेथ आणि त्याहून उत्तम हात मागते. ज्या इंजिनांत श्वासाचा मार्ग मागच्या झाकणात असतो आणि फिरती तबकडी तो उघडते, तिथे कधीकधी झाकणातल्या छिद्राची जागा फिरवून काम भागते.

इंजिन तयार झाले तरी प्रॉपेलर राहिला. नेहमीचाच प्रॉपेलर मागचा भाग पुढे करून बसवला की झाले, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. नट कोणत्याही बाजूने धरला तरी त्याचे आटे सुलटेच राहतात, प्रॉपेलरचेही तसेच. त्याची डावी-उजवी जात तो उलटा बसवून बदलत नाही, त्यासाठी पाती मुळातच विरुद्ध पिळाची घडवावी लागतात. असे प्रॉपेलर बाजारात ‘पुशर’ या नावाने मिळतात, कारण नेहमीचे इंजिन विमानाच्या मागे बसवून ढकलण्यासाठी वापरायचे तर हाच पीळ लागतो. नाव ढकलणाऱ्याचे, पण उलट इंजिनावर पुढे बसला की तो इमानाने ओढतो.

आट्यांचा प्रश्न दुसरीकडेही येतो. प्रॉपेलर घट्ट धरणाऱ्या नटाचे किंवा स्क्रूचे आटे सुलटे असतात. नेहमीच्या दिशेत हवेचा विरोध प्रॉपेलरला शाफ्टच्या मागे खेचतो, आणि ही ओढ नटाला आवळणाऱ्या दिशेची असते. उलट दिशेत तीच ओढ नट सैल करते. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे का असतात हे ज्या मेस्त्रीला ठाऊक आहे त्याला हे सांगावे लागणार नाही. उलट इंजिनाला उलटे आटे तरी द्यावेत, नाहीतर दुसरा नट लावून पहिला जखडावा. मिनिटाला पंधरा हजार फेऱ्या घेणारा प्रॉपेलर सुटला तर तो समोर उभ्या असलेल्याकडेच जातो, म्हणून ही काळजी वरवरची समजू नये.

भोवऱ्याचा हिशेब

इथवर वाचून उलट इंजिन हाच शहाणपणा असे वाटेल. पण फिरणाऱ्या प्रॉपेलरचा एक गुण आपण अजून विचारात घेतलेला नाही. प्रॉपेलर हा एक भोवरा आहे, आणि भोवऱ्याला जिकडे ढकलावे तिकडे तो जात नाही. काटकोनात वळून दुसरीकडेच जातो. सायकलचे सुटे चाक आसाला धरून वेगाने फिरवावे आणि मग आस कलवून पाहावा. मनगटाला बसणारा अनपेक्षित हिसका हाच तो गुण.

पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमल विमानात सगळे इंजिनच प्रॉपेलरसोबत गरगरत असे. त्यामुळे ते डावीकडे वळताना नाक वर करी आणि उजवीकडे वळताना खाली घाली. हरदित सिंग मलिक यांच्यासारख्या भारतीय वैमानिकानेही ते विमान उडवले होते. आपल्या छोट्या विमानात हाच परिणाम असा दिसतो: नेहमीच्या इंजिनाच्या विमानाचे नाक झटकन वर ओढले की ते बाहेर वळते, खाली ढकलले की आत वळते. बाहेर वळणे म्हणजे ताण वाढणे, आत वळणे म्हणजे ताण घटणे. उलट इंजिनात नेमके उलट होते. शेपूट जमिनीवर टेकवून धावणारे विमान उड्डाणापूर्वी शेपूट उचलते, म्हणजे नाक खाली नेते. त्या क्षणी उलट इंजिन नाक बाहेर ठेवते. पण तेच विमान पुढे कोलांटीसाठी वर खेचले की नाक आत येते.

दुसरी मेख उताण्या उड्डाणात आहे. विमान अर्धी कोलांटी मारून पाठीवर आले की त्याची फेरी प्रदक्षिणेच्या दिशेने सुरू होते, पण दोऱ्या ज्या पंखातून निघतात तो डावा पंख आतच राहतो. इंजिनाचा पीळ बदललेला नसतो. विमानाची पाठ मात्र खाली गेलेली असते. सरळ उडताना उलट इंजिन जो पंख खाली दाबत होते तोच, म्हणजे बाहेरचा पंख, आता वर उचलते. आतला पंख दबतो, ताण घटतो. नेहमीचे इंजिन उताण्या उड्डाणात ताण वाढवते. सरळ असताना जे कमावले ते पाठीवर गमावले. झोताचा फायदा तेवढा दोन्ही स्थितींत शिल्लक राहतो.

दिशा बदलल्याने दोष नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. आणि म्हणूनच निवड करता येते. ज्याचे हलके विमान जेमतेम शक्तीवर उडते, ज्याला उड्डाण, सरळ फेऱ्या आणि उतरणे एवढेच सांभाळायचे आहे, त्याला उलट इंजिन खरोखर उपकारक ठरते, कारण त्याचे सगळे अवघड क्षण विमान सरळ असतानाच येतात. कसरती करणाऱ्याने आपले विमान कुठे सैल पडते ते आधी पाहावे. नाक खाली ढकलण्याच्या वळणांत पडत असेल तर उलट इंजिन, वर खेचण्याच्या वळणांत पडत असेल तर सुलटे.

मोठ्या विमानांनीही हा हिशेब मांडला होता. राइट बंधूंनी १९०३च्या विमानात एका साखळीला आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन दोन प्रॉपेलर परस्परविरुद्ध फिरवले आणि प्रश्नच मिटवला. स्पिटफायरला मर्लिनच्या जागी ग्रिफन इंजिन बसवले तेव्हा प्रॉपेलरची दिशा उलटली, आणि उड्डाणाच्या वेळी डावीकडच्या ओढीला सरावलेल्या वैमानिकांच्या पायांना नवी सवय लावून घ्यावी लागली. ग्रिफनची स्पिटफायर पुढे भारतीय हवाई दलाकडेही आली.

आणखी एक साधा मार्ग आहे. इंजिन न बदलता फेरीच बदलायची: दोऱ्या उजव्या पंखातून काढायच्या आणि विमान प्रदक्षिणेच्या दिशेने उडवायचे. आरशात पाहिले तर ही रचना आणि उलट इंजिनाची रचना एकच आहे. एकट्याने उडवणाऱ्याला ती चालते. पण सांघिक शर्यतीत तीन जण एकाच वर्तुळात उभे राहतात, तिथे सर्वांची दिशा एकच लागते. शिवाय वर्षानुवर्षे एका बाजूला फिरलेले पाय आणि मान दुसऱ्या बाजूला सहजी वळत नाहीत.

आता विजेवर चालणाऱ्या मोटारींनी इंजिनाच्या खिडक्यांचा प्रश्नच उरू दिलेला नाही. ब्रशलेस मोटारीला तीन तारा असतात. त्यांतल्या कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की मोटार उलट फिरते. ज्या कामासाठी लेथवर क्रँकशाफ्ट घडवावा लागे ते मैदानाच्या कडेला बसून दोन मिनिटांत होते. विरुद्ध पिळाचा प्रॉपेलर मात्र आजही लागतो, नट आजही तपासून घ्यावा लागतो. फायदा एवढाच की एकाच दुपारी, त्याच वाऱ्यात, तेच विमान दोन्ही दिशांनी उडवून पाहता येते. उत्तर कागदावर अर्धेच निघते. उरलेले अर्धे, विमान जमीन सोडते आणि पाठीवर येते त्या दोन क्षणी, मुठीला जाणवणाऱ्या ओढीतून कळते.